छातीतली धडधड, गळ्यातली गाठ: आईचं एक वर्ष

आईची अँजिओग्राफी २२ ऑगस्ट २०२३ ला झाली, मंगळवारी. खानदेशातल्या आमच्या कानबाईच्या सणाचे रोट पाच दिवसांवर आले होते आणि आत नेतानाही ती मला विचारत होती, "गहू निवडून झाले का गं तुमचे?" रिपोर्ट चांगला आला. एका नसेत साधारण तीस टक्के अडथळा, स्टेंटची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, रविवारी तिने रोटही केले. आम्हाला वाटलं, संपलं.

खरं तर पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. बारा-तेरा महिन्यांत आम्हाला जे उशिरा कळलं ते दुसऱ्या कुणाला वेळेत कळावं, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथले डोस आईचे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आई ६८ वर्षांची. माहेर आणि सासर दोन्ही चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. धाकटा भाऊ तिथे केळी आणि कापूस करतो, मी नोकरीमुळे जळगावला असते. आईच्या गळ्यावर उजवीकडे एक गाठ होती, मोठ्या लिंबाएवढी. मला कळायला लागल्यापासून ती तिथेच होती. दुखत नव्हती, वाढत नव्हती, पदराआड असायची. आईच्या मावशीला तर केवढा तरी गलगंड होता, आणि त्या काळी त्या गावांत कुणाला त्याचं नवल वाटत नसे. त्यामुळे अँजिओग्राफीच्या आधीच्या फॉर्मवर 'थायरॉईडचा आजार आहे का?' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. कधी तपासणीच केलेली नव्हती, तर आजार कुठून असणार, असा माझा हिशोब. ते 'नाही' मला अजून टोचतं.

२६ सप्टेंबरला गणपती बसलेले असताना भावाचा फोन आला. आई रात्रभर झोपली नव्हती. तिला फोन दिला तर म्हणाली, "मना काळीजमा कोंबडी फडफडी ऱ्हायनी व माय." तिच्या छातीत काय होतंय ते याहून नेमकं मला नंतर कुठल्याही रिपोर्टने सांगितलं नाही. हात थरथरत होते, घाम येत होता, महिन्याभरात वजन चार किलो उतरलं होतं. ते आम्ही उपासांवर आणि काळजीवर ढकललं होतं.

चोपड्याला ईसीजी काढला (२५० रुपये). नाडी १४८ आणि पूर्ण अनियमित. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. त्याच संध्याकाळी आईला जळगावला आणून एका दवाखान्यात दाखल केलं. तिथे ठोका ताळ्यावर आणायला अमिओडॅरोन सुरू करायचं जवळजवळ ठरलं होतं. राउंडला आलेल्या वयस्कर फिजिशियननी आईला हनुवटी वर करायला सांगितली, घोटभर पाणी गिळायला लावलं आणि गाठ वर-खाली होताना पाहिली. मग मला विचारलं, "महिन्या-दोन महिन्यांत डाय दिलेला कुठला तपास झालाय का?" मी अँजिओग्राफीचं सांगितलं, त्यात नसा दिसाव्यात म्हणून आयोडीनचा डाय टोचतात. ते म्हणाले, "आधी टीएसएच पाठवा. तोवर अमिओडॅरोन नको."

३० सप्टेंबरला रिपोर्ट आला (टीएसएच, फ्री टी३, फ्री टी४ मिळून ८५० रुपये). टीएसएच ०.०१ पेक्षा कमी. साधारण ०.४ ते ४ असायला हवं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारा मेंदूचा हुकूम, ग्रंथी जास्त काम करायला लागली की तो खाली जातो. थायरॉईड बेफाम काम करत होती आणि हृदय तिच्या चाबकाखाली धावत होतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. समुद्रापासून लांब आणि डोंगराळ भागात पावसाने मातीतलं आयोडीन वाहून जातं. तिथल्या पाण्यात नि पिकात ते कमी उतरतं. आयोडीन मिळेना की थायरॉईड ग्रंथी जास्त कष्ट करते आणि फुगते, तोच गलगंड. अशी ग्रंथी वर्षानुवर्षं उपाशी राहिली की तिच्यातल्या काही गाठी मेंदूचा हुकूम ऐकणं सोडतात आणि मिळेल तेवढ्या आयोडीनचा हॉर्मोन बनवत बसतात. आयोडीन थोडकंच असतं तोवर हे निभावून जातं. आईचं लहानपण आणि तरुणपण पोत्यातल्या खडेमिठावर गेलं. सरकारने सगळं खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं धोरण १९८४ मध्ये ठरवलं, तेव्हा ती संसारात पडलेली होती. साधं मीठ खाण्यासाठी विकायला आत्ताची देशभरची बंदी तर २००६ ची.

आणि डाय? मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. अँजिओग्राफीच्या डायमध्ये एका मिलिलिटरला तीनशेच्या वर मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि पन्नास-शंभर मिलिलिटर सहज वापरला जातो. म्हणजे कित्येक ग्रॅम. त्यातलं बहुतेक रेणूत बांधलेलंच लघवीवाटे निघून जातं, पण जे थोडं सुटं होतं तेही रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. निरोगी ग्रंथी हा लोंढा थोपवते. आईच्या गळ्यातली जुनी, हुकूम न ऐकणारी गाठ थोपवू शकली नाही. अमिओडॅरोन थांबवण्याचं कारणही हेच होतं. त्या औषधाच्या वजनातला ३७ टक्के भाग आयोडीन असतो, २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम. अनेकांसाठी ते फार उपयोगी औषध आहे. आईला त्या वेळी ते दिलं असतं तर आगीत तेल पडलं असतं.

एक स्पष्ट सांगते. अँजिओग्राफी करायला नको होती असं मला वाटत नाही. ती गरजेची होती, आणि डायमुळे असं होणं विरळाच. पण गळ्यावर गाठ असेल तर डाय देण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच करून घ्या. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत धडधड, थरथर, वजन उतरणं यांकडे लक्ष ठेवा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

औषधं सुरू झाली. थायरॉईडला आवरायला कार्बिमॅझोल, ठोके आवरायला बीटा ब्लॉकर आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. या तिसऱ्या गोळीसाठी सुरुवातीला महिन्याला अठराशे रुपये लागले, जेनेरिक शोधल्यावर सातशे. भावाला मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवलं. नाडी अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, आकडा चुकतो.

पुढचा टप्पा स्कॅन. कुठली गाठ किती काम करतेय ते न्यूक्लियर मेडिसिनच्या स्कॅनमध्ये दिसतं. नाशिकच्या एका सेंटरला फोनवर वेळ घेतली, १० ऑक्टोबरची. पहाटेची गाडी, आईला धाप लागलेली, भुसावळकडून येणाऱ्या गाडीत कशीबशी बसायला जागा मिळाली. सेंटरवर दीड तास थांबल्यावर आतल्या बाईंनी विचारलं, "कॉन्ट्रास्ट, म्हणजे डाय, कधी झालाय?" तारीख सांगितल्यावर त्यांनी फाईल परत दिली. शरीर आयोडीनने भरलेलं असताना ग्रंथी स्कॅनचं औषध घेत नाही, चित्र खोटं येतं. डिसेंबरमध्ये या. फोनवर हाच एक प्रश्न विचारला असता तर हा फेरा वाचला असता. परतीच्या गाडीत आई खिडकीला डोकं टेकून गप्प होती. मी तोंड फिरवून रडून घेतलं. तुम्ही वेळ घ्याल तेव्हा स्वतःहून सांगा: डायचा तपास कधी झाला, अमिओडॅरोन चालू आहे का, थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत का.

या मधल्या दोन महिन्यांत कागदांचं काम उरकायचं ठरवलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काही बसतं का ते पाहायला एका रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटले. त्याने नीट समजावलं, पण कागद तिथेच अडले. आधारकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, केशरी रेशनकार्डावर नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, मग ऑनलाइन दुरुस्ती. १९ दिवस आणि भावाच्या चार चकरा. एवढं करून आम्हाला जे उपचार लागणार होते ते तिथल्या पॅकेजमध्ये बसत नाहीत असंच उत्तर मिळालं. तरी नाव दुरुस्त झालं ते बरंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची दोन्ही कार्डं आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दवाखान्यात पेशंट असताना हे सुचत नाही आणि होतही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री आईचा घसा दुखायला लागला, अंगात ताप. कार्बिमॅझोल सुरू करताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून दिलं होतं: ताप किंवा घसा आला तर गोळी थांबवायची आणि लगेच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक खाली येतात. भावाने रात्री साडेनऊला तिला मोटरसायकलवर चोपड्याला नेलं आणि लॅबवाल्याला घरून उठवून आणलं. पेशी ६,२०० निघाल्या. साधी सर्दी होती. त्या तासाभरात मी जळगावच्या घरात किती फेऱ्या मारल्या ते मलाच माहीत.

१२ डिसेंबरला स्कॅन झाला (३,२०० रुपये). उजवीकडची गाठ पडद्यावर निखाऱ्यासारखी, बाकीची ग्रंथी जवळजवळ झोपलेली. पर्याय दोन होते: ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीनचा एक डोस. आईचं वय, एट्रियल फिब्रिलेशन आणि रक्त पातळ करणारी गोळी पाहून डॉक्टरांनी दुसरा सुचवला. जी गाठ आयोडीनला हपापलेली आहे तिला आयोडीनच द्यायचं, पण १३१ नावाचं, जे आत जाऊन तिच्या पेशी मारतं. ३० जानेवारी २०२४ ची तारीख मिळाली.

सेंटरने छापील कागद दिला: दहा दिवस आयोडीन कमी खायचं. आयोडीनयुक्त मीठ नाही, दूध-दही नाही, अंडं नाही, मासे नाहीत, बाहेरचं फरसाण नाही, जखमेवर तपकिरी पोव्हिडोन आयोडीनसुद्धा लावायचं नाही. आणि नेमकी तेव्हा भावजय चौथ्या महिन्यात होती. गरोदरपणात आयोडीनची गरज वाढते, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला २५० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. म्हणजे एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला आयोडीन टाळायचं होतं आणि दुसरीला चुकवून चालणार नव्हतं.

मग ओट्यावर मिठाच्या दोन बरण्या आल्या. नेहमीची भावजयीची. दुसरीत पाकिटावर 'आयोडीन नसलेलं' असं वाचून आणलेलं सैंधव, आणि तिच्या गळ्याला भावजयीने देवघरातला लाल दोरा बांधला. कळण्याच्या भाकरीचं पीठ दोनदा मळायचं, ठेचा दोनदा कुटायचा, वरण वेगळं काढून मग मीठ घालायचं. तीन वर्षांची भाची लाल दोऱ्याच्या बरणीला 'आजीचं मीठ' म्हणायची. आईला सगळ्यात जड गेला तो दुधाचा चहा. कोरा चहा ती औषधासारखा डोळे मिटून प्यायची.

या दहा दिवसांत शेजारपाजारच्या बायका येऊन सांगून गेल्या की आता साधं मीठ कायमचं बंद करा, सगळ्यांनीच सैंधव खा, हृदयाला चांगलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण हे मी इथे ठासून लिहिते: घरच्यांचं आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका. आईच्या गाठीची सुरुवातच आयोडीन न मिळाल्यामुळे झाली होती. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं तर जरूर करा, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात पापड-लोणचंही धरून. सैंधवातही सोडियम आहेच, त्याने रक्तदाब वाचत नाही. जे थोडं मीठ खाल ते आयोडीनचं असू द्या. नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडताना मिठात निदान १५ पीपीएम, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम, आयोडीन असावं लागतं. झाकण घट्ट लावा, बरणी चुलीच्या वाफेपासून लांब ठेवा, मीठ शेवटी घाला. गावातल्या आशाताईंनी त्यांच्या किटमधला थेंब दोन्ही मिठांवर टाकून दाखवला. भावजयीच्या मिठावर जांभळा डाग उमटला, लाल दोऱ्याच्या मिठावर काहीच नाही. हजार शब्दांनी जे झालं नसतं ते त्या डागाने झालं. आमच्या आळीतल्या चार घरांनी आपापलं मीठ तपासून घेतलं.

कार्बिमॅझोल सांगितल्याप्रमाणे आठवडाभर आधी थांबवली. ३० जानेवारीला प्रत्यक्ष डोस दोन मिनिटांत संपला: एक कॅप्सूल, एक ग्लास पाणी. खर्च ११,५०० रुपये. परतताना गाडी भाड्याने केली (६,५०० रुपये), कारण गर्दीच्या गाडीतून न्यायचं नव्हतं. आई मागच्या सीटवर एका टोकाला, मी पुढे.

तीन आठवडे तिला गावी नेता येणार नव्हतं, गरोदर बाई आणि लहान मूल दोन्ही तिथेच होते. माझ्या घरातली आतली खोली तिला दिली. ताट वेगळं, कपडे वेगळे, भरपूर पाणी, संडासात दोनदा पाणी सोडायचं. तीन वेळा जेवण मी दाराशी ठेवायची आणि दोन हात लांब बसून बोलायची. आयोडीन १३१ ची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते, हे तिला मी दाण्यांच्या ढिगाने समजावलं. ती रोज एक दाणा खिडकीत ठेवायची. संध्याकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला की फोन छातीशी धरून बसायची. एकविसावा दाणा ठेवला त्या दिवशी भाऊ न्यायला आला.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये नाडी १००, मग ९०, मग ८० च्या घरात आली, अनियमितच होती. ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, ईसीजीत ठोके एका अंतराने उभे दिसले. साइनस ऱ्हिदम, म्हणजे हृदयाचा नेहमीचा नियमित ताल. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड ताळ्यावर आली की बऱ्याच जणांचं हृदय आपोआप सुराला लागतं, पण रक्त पातळ करणारी गोळी आत्ताच थांबवायची नाही. मी पट्टी हातात घेऊन त्या रेघा पुन्हा पुन्हा बघत होते.

मग गाडी उलट्या बाजूला गेली. मे अखेरीस आईचा चेहरा सुजला, आवाज जड झाला, भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजायला लागली. नाडी ५४. टीएसएच ४१. किरणोत्सारी आयोडीननंतर असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरलो नाही. चकित केलं ते दुसऱ्या आकड्याने. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वर्षापूर्वी ११८ होतं ते १७८ झालं होतं, खाण्यात काहीही फरक नसताना. थायरॉईडचा हॉर्मोन कमी पडला की यकृत रक्तातलं हे कोलेस्टेरॉल पुरेसं उचलत नाही. जास्त हॉर्मोनने जे हृदय पिसाटलं होतं, त्याच हृदयाच्या नसांवर आता कमी हॉर्मोनचा भार येत होता. कोलेस्टेरॉलची गोळी वाढवायच्या आधी थायरॉईड भरून काढायचं ठरलं.

हृदयाचा विचार करून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या हॉर्मोनची गोळी, फक्त २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं, मग ५०, मग ७५, दर वेळी सहा आठवड्यांनी टीएसएच बघून. सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत, मग तासभर चहा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तास लांब. आई उठल्या उठल्या गोळी घेते, म्हशीचं धारपाणी उरकते आणि मग दुधाचा चहा करते. तिच्या दिवसात ते बरोबर बसलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भावजय बाळंत झाली, मुलगा. तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन टीएसएच करायचा मी हट्ट धरला. डॉक्टरांनी कुरकुर न करता केला. व्यवस्थित आला.

ऑक्टोबर २०२४ चा आईचा शेवटचा रिपोर्ट: टीएसएच ३.१, एलडीएल १०४, नाडी ७२ आणि नियमित. गळ्यावरची गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. नाशिकच्या तीन फेऱ्या, तपासण्या आणि औषधं मिळून वर्षभरात ५८ हजारांच्या आसपास गेले, अँजिओग्राफीचं बिल वेगळं. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये आहेत. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'गळ्यात जुनी गाठ. आयोडीनचा डाय किंवा अमिओडॅरोन देण्याआधी विचारा.' त्याची एक प्रत आईच्या पिशवीत असते आणि एक भावाच्या मोबाइलमध्ये.

लाल दोऱ्याची बरणी भावजयीने घासून उन्हात वाळवली. आता तिच्यात मेथीदाणे असतात. भाची अजून तिला आजीचं मीठच म्हणते.